दिवाळीनंतर किल्ल्यांवर इतिहास-फेऱ्या काढायच्या आहेत, कुठली ठिकाणं घेऊ?

इतिहासाच्या बाई, डिचोली

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी इतिहास शिकवते. गावच्या वाचनालयातर्फे यंदा दिवाळी ते 19 डिसेंबर (गोवा मुक्तिदिन) या दिवसांत रविवारच्या चार फेऱ्या काढायचं ठरलंय. विषय पोर्तुगीज काळातली लष्करी ठिकाणं. आठवी ते दहावीची मुलं असतील, सोबत काही पालक आणि वाचनालयाचे दोन-तीन ज्येष्ठ सभासद.

समितीने यादी केलीय ती अशी: आग्वाद, रेईश मागूश, शापोरा, तेरेखोल. यादीला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण यातल्या बहुतेक ठिकाणी मुलं घरच्यांबरोबर जाऊन आलेली आहेत. शापोऱ्याला तटावर बसून फोटो काढतात, आग्वादला दीपस्तंभ बघतात आणि उतरतात. आग्वाद 1612 मध्ये पुरा झाला, शापोरा 1617 चा, दीपस्तंभ 1864 चा, हे मी वर्गातही सांगू शकते. त्यासाठी बस करायची गरज नाही. जागेवर गेल्याशिवाय कळणारच नाही असं काहीतरी मला मुलांना द्यायचंय.

दुसरी काळजी जरा नाजूक आहे. माझ्या वर्गात हिंदू मुलं आहेत तशी ख्रिस्ती मुलंही आहेत. संभाजी महाराजांची गोव्यावरची स्वारी सांगताना अर्धा वर्ग छाती फुगवून बसतो आणि तीन-चार मुलं वहीत मान घालतात. ते मला बघवत नाही. गोष्ट खरी सांगायची आणि कुणालाही परकं वाटू द्यायचं नाही, हे जागेवर कसं जमवावं?

शिवाय पाऊस नुकताच सरलेला असणार, गवत वाढलेलं असणार. ज्यांनी अशा फेऱ्या केल्यात त्यांनी कृपया सांगावं.

धक्क्यावरचा, दिवाडी

बाई, मी इतिहासाचा माणूस नव्हे. नदी परिवहन खात्यात फेरीबोटीवर नोकरी केली, नार्वे-दिवाडी आणि जुनें गोवें-दिवाडी या दोन्ही मार्गांवर. आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या यादीतले चारही किल्ले नदीच्या नाहीतर समुद्राच्या तोंडावरचे आहेत. ते मोठे आहेत, देखणे आहेत, पण समुद्राकडून येणाऱ्यासाठी बांधलेले आहेत. मराठे समुद्राकडून आले नाहीत, ते फोंड्याकडून आले. त्या बाजूला पोर्तुगिजांची खरी तटबंदी म्हणजे पाणी. एकीकडे मांडवी, दुसरीकडे जुवारी, दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, त्यामुळे तिसवाडी हे बेटच. मुलांना हे बेट एकदा पायाखालून आणि बोटीतून दाखवा, मग 1683 ची गोष्ट आपोआप उलगडते.

माझा आग्रह असा: एक फेरी जुव्याला काढा. सांत इस्तेव्हचं बेट. टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. बघायला आलेल्याला ते फार वाटणार नाहीत, पण तिथून पाण्याचे फाटे दिसतात, आणि तेच बघायचं आहे.

गोष्ट थोडक्यात. 1683 च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते, तट ढासळला तरी त्यांनी किल्ला सोडला नाही. संभाजी महाराज कुमक घेऊन पोचले तेव्हा विजरईने वेढा उठवला आणि दुर्भाटच्या वाटेने मागे फिरला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 24 नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीचं पाणी बघून मराठे जुव्यावर उतरले आणि किल्ला घेतला. राजधानी, म्हणजे जुनें गोवें, तिथून नदीने हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः फौज घेऊन आला, मार खाल्ला, जखमी झाला आणि जेमतेम परत गेला. महाराजांनी पाठलागासाठी घोडा पाण्यात घातला. तोवर भरती लागली होती, घोडा पोहणीला लागला आणि महाराजांचे चिटणीस खंडो बल्लाळांनी उडी टाकून महाराजांना सावरलं, असं बखरींतून आलंय. याच खंडो बल्लाळांच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, दोनच वर्षांपूर्वी महाराजांनी देहदंड दिला होता. एवढं सांगितलं की वर्ग गप्प होतो, त्याला रंग चढवायची गरज नसते.

आता माझ्या कामाचा भाग. तारीख कॅलेंडरातला रविवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. 24 नोव्हेंबर 1683 ला चंद्र पाच-सहा दिवसांचा होता, म्हणजे मार्गशीर्षातली षष्ठी-सप्तमी, आपली चंपाषष्ठी येते त्याच सुमाराची. अशा तिथीला आमच्या पाण्यात ओहोटी रात्री दहा-अकराच्या आसपास तळाला जाते आणि चंद्रही साधारण तेव्हाच मावळतीला असतो. पाणी खाली आणि वर अंधार. फेरीबोटीवर रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा, अशा रात्री पलीकडचा काठ दिसत नाही, नुसता चिखलाचा वास येतो.

ओहोटी दिवसातून दोनदा येते. त्याच तिथीला ती सकाळीही दहा-अकराच्या आसपास सापडते. म्हणजे चंपाषष्ठीच्या जवळचा रविवार धरलात तर मुलांना साधारण तेच पाणी दिवसाउजेडी बघता येईल. रविवार तिथीच्या जितका मागेपुढे जाईल तितकी वेळ सरकते, दर दिवसाला पाऊण तासाहून थोडी जास्त. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, ते बघा, आणि आत नदीत पाणी मुरगावपेक्षा उशिरा हलतं हे ध्यानात ठेवा.

काठावर पोचल्यावर आधी भाषण करू नका. एक चिव्याची काठी घ्या, तिच्यावर वीतभर अंतरावर चुन्याच्या रेघा मारा आणि धक्क्याच्या कडेला पाण्यात रोवा. दर पंधरा मिनिटांनी एका मुलाने रेघ वाचायची आणि वहीत लिहायची. शेजारी खारफुटीच्या मुळांवर बघायला सांगा: खाली कालवं चिकटलेली, त्याच्यावर ओल्या चिखलाचा पट्टा, त्याच्यावर कोरडं. भरतीचं पाणी कुठवर चढतं ते त्या मुळांवरच दिसतं. पाणी फिरलं की आधी चिखलातल्या बारीक ओहोळांत उलट धार लागते. ती धार ज्या मुलाने डोळ्यांनी बघितली त्याला घोडा का पोहणीला लागला हे समजावून सांगावं लागत नाही.

एक सूचना. 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सांव फ्रांसिश्क शाव्हियेरच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) नोव्हेनी, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात आणि 3 डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत त्या रस्त्याला बस घातलीत तर अर्धी सकाळ गर्दीत जाईल. पण त्याचाही या गोष्टीशी संबंध आहे. जुवें पडल्यावर विजरईने जाऊन शाव्हियेरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड तिथे ठेवून शहर संताच्या हवाली केलं. पुढे मोगल शाहजादा शाह आलम फौज घेऊन उतरला आणि महाराजांना माघारी फिरावं लागलं. पण त्या रात्रीचा धसका एवढा होता की विजरईने राजधानीच मुरगावला हलवायचं मनावर घेतलं.

तुमच्या दुसऱ्या काळजीवर मागाहून लिहितो.

सत्तरीकर

बाई, डिचोलीहून आमचं सत्तरी किती लांब? तरी यादीत नाणूस नाही, याचं वाईट वाटलं.

वाळपईजवळ नाणूसचा किल्ला. 26 जानेवारी 1852 ला दीपाजी राणे यांनी तो घेतला आणि तिथून पोर्तुगिजांना तीन वर्षं झुंजवलं. शेवटी 1855 मध्ये सरकारला त्यांच्याशी तह करावा लागला. तिथे आज बघायला थोडंच उरलंय, पण 1895 ची गोष्ट त्याच जागेवर सांगायची आहे. त्या वर्षी पोर्तुगिजांच्या पलटणीतल्या इथल्याच शिपायांना मोझांबिकला लढायला पाठवायचा हुकूम निघाला. समुद्र ओलांडून परक्या मुलखात परक्यांसाठी मरायचं, याला ते तयार झाले नाहीत. बंदुकांसकट निघाले आणि सत्तरीत आले, दादा राणे त्यांना मिळाले. बंड मोडायला पोर्तुगालहून राजाचा सख्खा भाऊ आफोंसु फौज घेऊन आला.

मुलांना विचारा, तुम्ही त्या शिपायाच्या जागी असता तर घरी काय सांगून निघाला असता? आमच्या भागात राण्यांच्या बंडाच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. एखाद्या वयस्क माणसाला फेरीला बोलवा आणि त्याला मध्ये न तोडता बोलू द्या.

गवताचं म्हणाल तर सत्तरीत नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत कंबरेएवढं असतं. फुरसं चिऱ्याच्या भेगेत बसतं आणि दगडासारखंच दिसतं. मुलांना तटावर हात टेकू देऊ नका, बूट सक्तीचे करा, पुढे एक जाणता माणूस काठी आपटत चालू दे. नाणूसची फेरी शक्य तेवढी शेवटी ठेवा.

जुने कागद, पणजी

परवानग्यांचं सांगतो, कारण ऐनवेळी त्यातच घोळ होतो. आग्वादचा वरचा किल्ला केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. शापोरा, रेईश मागूश, खोर्जुवें ही राज्याची संरक्षित स्थळं. नुसतं बघायला अडचण नाही, पण माईक, बॅनर, ड्रोन यातलं काहीही नेणार असाल तर शाळेच्या पत्रावर आधी अर्ज करा.

खोर्जुवें मात्र घ्याच, आणि पहिली फेरी तिथेच ठेवा. हळदोण्याहून झुलत्या पुलावरून गेलात की लगेच किल्ला. 1705 चा, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार बुरूज, सगळा चिऱ्याचा. एवढा लहान की मधल्या चौकात उभं राहून सगळा एका नजरेत येतो. आग्वादवर मुलांना तट, बुरूज, जंग्या (बंदुकीसाठीची भोकं) वेगवेगळ्या शोधाव्या लागतात, इथे मुलं तो अर्ध्या तासात वहीत काढू शकतात. पुरुषवेशात शिपाईगिरी केलेल्या उर्सुला ई लांकास्त्रे हिची गोष्ट इथे सांगितली जाते, मुलींना ती आवडते.

तुमच्या नाजूक प्रश्नावर एक सुचवतो. पिंटोंचं बंड घ्या. 1787, म्हणजे फ्रान्सची क्रांती व्हायच्या दोन वर्षं आधी. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रजांचं राज्य झुगारलं त्याला तेव्हा अकराच वर्षं झाली होती. कांदोळीच्या पिंटो घराण्यातले लोक, काही गोंयकार पाद्री आणि पलटणीतले काही गोंयकार अंमलदार यांनी पोर्तुगिजांना हाकलायचा कट केला. शिकलेल्या इथल्या पाद्र्यांना वरची पदं मिळत नव्हती, अंमलदारांना बढती मिळत नव्हती. कट फुटला, 47 जण पकडले गेले, डिसेंबर 1788 मध्ये पणजीत 15 जणांना फाशी दिली. हे सगळे ख्रिस्ती होते. बार्देश मराठ्यांनी 1739 मध्ये घेतला तेव्हा आग्वाद आणि रेईश मागूश तेवढे पोर्तुगिजांच्या हाती राहिले होते. त्याच बार्देशातल्या ख्रिस्ती घराण्यांनी पन्नास वर्षांच्या आत पोर्तुगिजांविरुद्ध कट केला. हे दोन्ही एकाच दिवशी सांगा, वहीत मान घालणारं कुणी राहणार नाही.

इतिहासाच्या बाई, डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची काठीची कल्पना मी गणिताच्या सरांना सांगितली, ते आलेख काढून घ्यायला तयार झालेत. खोर्जुवें पहिलं, जुवें चंपाषष्ठीच्या जवळच्या रविवारी, नाणूस त्यानंतर, इथवर ठरलं.

समितीतल्या एका सभासदांनी मात्र हरकत घेतलीय. ते म्हणतात, चारपैकी एकतरी नामांकित किल्ला हवा, नाहीतर पालक पोरांना पाठवणार नाहीत. शेवटच्या फेरीसाठी आग्वाद ठेवावा का? 19 डिसेंबरच्या आधीचा रविवार आहे.

आणि काका, तुम्ही जुव्याबद्दल राहिलेलं सांगणार होता.

धक्क्यावरचा, दिवाडी

आग्वाद ठेवा, पण सुरुवात बेतीच्या धक्क्यावर करा. 1961 मध्येही पाणीच आडवं आलं होतं. पोर्तुगिजांनी बाणस्तारीचा आणि बोरीचा पूल उडवला. 18 डिसेंबरच्या संध्याकाळी आपलं सैन्य बेतीला पोचलं, समोर पणजीचे दिवे, मध्ये मांडवी, आणि तेव्हा मांडवीवर पूल नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी सैन्य पाण्यावरून पलीकडे गेलं. मुलांना पणजी-बेती फेरीबोटीतून न्या, दहा मिनिटांचं पाणी आहे. बोट मध्यावर आली की सांगा. याच बेतीच्या पोलीस चौकीवर ऑक्टोबर 1955 मध्ये गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाने हल्ला केला, त्यात मोहन रानडे जखमी होऊन पकडले गेले आणि लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटले ते 1969 मध्ये. गोवा मुक्त झाल्यानंतरही सातेक वर्षं तो माणूस पोर्तुगालच्या कोठडीत होता. हे कितीजणांना ठाऊक आहे? मला याची फार खंत वाटते.

मग तिथून आग्वाद. पण वरचा दीपस्तंभ नको, खालचा तुरुंग. आता तिथे संग्रहालय आहे. राम मनोहर लोहिया, त्रिस्तांव द ब्रागांस कुन्हा यांना जिथे कोंडलं होतं ती जागा. 19 डिसेंबर 1961 ला तिथल्या कैद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेव सिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथेच पडले. त्या दोघांची नावं मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्या.

आता जुवें. मी दिवाडीचा, आमच्या वाड्यावर देऊळ आणि इगर्जी (चर्च) यांच्यामध्ये एक शेत आहे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीतच होतं, पोर्तुगिजांनी ते पाडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवलं. हे मी लहानपणी जसं ऐकलं, तसं माझ्या ख्रिस्ती शेजाऱ्यानेही ऐकलं. त्यालाही त्याचं वाईट वाटतं, कारण त्याचेही पूर्वज त्या देवाचे भक्त होते.

तेव्हा जुव्यावर मुलांना सांगा की त्या रात्री बेटावर तिथली माणसं झोपलेली होती. शेतकरी, माडाची सूर काढणारे रेंदेर, मासे मारणारे. मराठे आले तेव्हा त्यांची घरं लुटली गेली, ते जीव घेऊन पळाले. किल्ल्यात पोर्तुगीज होते तसे इथलेच लाश्करीही होते. विजरईला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला राजधानीची काळजी होती. महाराजांची हिंमत मोठी होती, ती पूर्ण सांगा, काही लपवू नका. त्याच दमात बेटावरच्या माणसांचंही पूर्ण सांगा. तुमच्या वर्गात मान खाली घालणारी मुलं त्या माणसांची नातवंडं-पतवंडं आहेत, आणि छाती फुगवणाऱ्यांतलीही काही असतील. त्या काळात कोण कुठून पळून कुठे राहिलं याचा आपल्याकडे हिशेब लागत नाही.

जुव्यावरच्याच कुणाला तरी बोलायला सांगा. खाजन शेतीचा (खाडीकाठच्या सखल शेतीचा) बांध कसा घालतात, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या झडपेची) दारं कधी उघडतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही. हिंदू-ख्रिस्ती दोघं मिळून बांध राखतात, कारण बांध फुटला की खारं पाणी दोघांच्या भातात शिरतं. नोव्हेंबरात कापणी झालेली असते, शेतातून चालता येतं.

सत्तरीकर

काका, तुमचं वाचून मलाही यायचंय. बाई, जुव्याच्या फेरीला बाहेरची माणसं चालतील का? वाळपईहून आम्ही चार-पाच जण येऊ, आमच्या जेवणाचं आम्ही बघू.

इतिहासाच्या बाई, डिचोली

अवश्य या. शेवटच्या फेरीला पणजी-बेती-आग्वाद नक्की केलं, समितीलाही पटलं. जुव्याच्या एका शाळेतल्या शिक्षिकेशी आजच बोलले, त्यांचे वडील मानशीवर कामाला होते, ते बोलायला तयार आहेत. काका, काठी रोवायला तुम्हीच यायचं. सकाळी आठला नार्व्याच्या धक्क्यावर जमू, सप्तकोटेश्वराचं दर्शन घेऊन दिवाडीमार्गे निघू.

धक्क्यावरचा, दिवाडी

येतो. आठ नको, साडेसात करा. रविवारी नार्व्याला मंदिराच्या गाड्या असतात, फेरीबोटीला रांग लागते, आणि बस घालायची असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांतच जागा मिळते. मुलांना एक जादा कपड्यांचा जोड आणायला सांगा, चिखलात उतरणार आहेत.